फोनमधला ब्राउझर नेमका कोण बनवते? मोबाइलच्या ओपन सोर्स ब्राउझरांची गोष्ट

इन्स्टाग्राम किंवा फेसबुकवर स्क्रोल करताना एखाद्या बातमीची लिंक दिसते, तिच्यावर बोट टेकते आणि पान उघडते. बहुतेकांच्या लेखी विषय इथेच संपतो. पण ते पान उघडले कुणी? फोनमध्ये क्रोम असतो, कुणी हौसेने फायरफॉक्स टाकलेला असतो, सॅमसंगच्या फोनवर त्या कंपनीचा वेगळा ब्राउझर असतो. लिंक मात्र अनेकदा यातल्या कशातच न उघडता त्या ॲपच्या पोटातच उघडलेली असते.

ऑगस्ट २०२२ मध्ये फेलिक्स क्राउझे या संशोधकाने दाखवून दिले की, आयफोनवरची इन्स्टाग्राम आणि फेसबुक ही ॲप त्यांच्या पोटात उघडलेल्या दुसऱ्यांच्या पानांत स्वतःचा जावास्क्रिप्ट कोड घालतात. वापरकर्त्याने मागोवा घेऊ द्यायचा की नाही याबाबत केलेली निवड पाळण्यासाठी हा कोड आहे, असे मेटा कंपनीचे म्हणणे होते. ते खरे मानले तरी त्या प्रकरणातून एक गोष्ट सर्वांच्या लक्षात आली. वाचक आणि पान यांच्या मध्ये जो बसलेला असतो, त्याला सगळे दिसते: काय वाचले, कशावर बोट टेकवले, पासवर्ड कोणता टाकला. मध्ये बसणाऱ्याचा कोड कुणालाही उघडून तपासता येतो की नाही, हा प्रश्न म्हणूनच केवळ प्रोग्रामरांचा राहत नाही.

पीठ एकाच गिरणीचे

ब्राउझरचे ढोबळ दोन भाग असतात. एक डोळ्यांना दिसणारा: पत्ता टाकायची पट्टी, टॅब, बुकमार्क, सेटिंग. दुसरा आतला, ज्याला इंजिन म्हणतात. वेबसाइटकडून येतो तो नुसता मजकूर आणि सूचना; त्यांचे वाचनीय पान करणे, चित्रे जागच्या जागी बसवणे, जावास्क्रिप्ट चालवणे आणि एका साइटला दुसऱ्या साइटच्या डब्यात हात घालू न देणे ही सारी कामे इंजिनाची. वरचा भाग दोन-चार जणांना काही महिन्यांत करता येतो. इंजिन करायला शेकडो माणसे आणि कैक वर्षे लागतात.

म्हणूनच प्ले स्टोअरवर ब्राउझर ढिगाने दिसत असले तरी त्यांच्या आत मुख्यतः तीनच इंजिने आहेत. गूगलचे ब्लिंक, ॲपलचे वेबकिट आणि मोझिलाचे गेको. अँड्रॉइडवर क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह, विवाल्डी, सॅमसंग इंटरनेट हे सगळे ब्लिंकवर चालतात. पीठ एकाच गिरणीचे, भाकरी थापणारे हात तेवढे वेगळे.

गंमत अशी की ही तिन्ही इंजिने ओपन सोर्स आहेत. त्यांचा कोड कुणीही वाचू शकतो, बदलू शकतो, आपल्या ब्राउझरात वापरू शकतो. पण इंजिन खुले म्हणजे ब्राउझर खुला असे होत नाही. क्रोमियम हा प्रकल्प ओपन सोर्स आहे. त्यात गूगलने स्वतःचे भाग घालून बनवलेला क्रोम तसा नाही. एज आणि ऑपेराचेही तेच. ब्रेव्ह, फायरफॉक्स, टोर ब्राउझर आणि डकडकगोचे ॲप यांचा मात्र वरचा भागही खुला आहे. यातल्या डकडकगोने अँड्रॉइडवर स्वतःचे इंजिन बाळगलेलेच नाही. अँड्रॉइड प्रत्येक ॲपला वेबव्ह्यू नावाचा एक तयार भाग पुरवते, तोच तिथे वापरला आहे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचे 'आम्ही ब्राउझर बनवला' हे प्रोजेक्टही बहुधा याच वेबव्ह्यूवर उभे असते.

परवान्यांतही फरक आहेत आणि ते किरकोळ नाहीत. क्रोमियमचा बराचसा कोड बीएसडी परवान्याखाली आहे: घ्या, बदला, बदल दाखवायची सक्ती नाही. मोझिलाचा परवाना सांगतो की आमची जी फाइल बदलाल ती जगाला दाखवा. या सक्तीने काय घडू शकते, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

लिनक्सवाल्यांचे इंजिन आयफोनमध्ये कसे आले?

१९९८ च्या सुमारास केडीई या लिनक्सवरील मुक्त प्रकल्पातल्या मंडळींनी केएचटीएमएल नावाचे इंजिन लिहायला घेतले. ते लहान होते आणि त्याचा कोड नीटनेटका होता. ॲपलने २००१ मध्ये गुपचूप तेच उचलले आणि जानेवारी २००३ मध्ये सफारी ब्राउझर जाहीर केला. केएचटीएमएलच्या एलजीपीएल परवान्यामुळे ॲपलला बदललेला कोड द्यावाच लागला. कंपनीने तो दिलाही, पण कोणता बदल कशासाठी केला हे कळू नये अशा भल्यामोठ्या गाठोड्यांच्या रूपात. केडीईच्या कार्यकर्त्यांना त्यातून काही वेचून घेणे जवळजवळ अशक्य होते आणि त्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. परवान्याचे शब्द पाळले गेले होते, सहकार्य मात्र झाले नव्हते. अखेर जून २००५ मध्ये ॲपलने वेबकिट हा रीतसर खुला प्रकल्प केला.

त्याचा पहिला मोठा फायदा मोबाइलला झाला, आणि तोही आयफोनच्या आधी. नोकियाने आपल्या एस-६० फोनांसाठी वेबकिटवर ब्राउझर बांधला आणि २००६ मध्ये त्याचा कोड खुला केला. पुढे २००७ मध्ये आयफोन आला, २००८ मध्ये पहिला अँड्रॉइड फोन आला. दोघांच्याही ब्राउझरात वेबकिटच होते. ३ एप्रिल २०१३ रोजी गूगलने वेबकिटपासून वेगळे होत ब्लिंक जाहीर केले. त्याच दिवशी मोझिला आणि सॅमसंग यांनीही एक घोषणा केली होती: सर्वो हे अगदी नवे इंजिन अँड्रॉइडवर आणण्यासाठी एकत्र काम करण्याची. ब्लिंक आज जगभर आहे. सर्वोचा चमू मोझिलाने २०२० च्या कर्मचारी कपातीत मोडला. प्रकल्प लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेला आणि तिथे अजून चालू आहे.

फायरफॉक्स तीनदा लिहिला गेला

मोबाइलवर ब्राउझर बनवणे किती अवघड आहे, हे पाहायचे तर फायरफॉक्सइतके बोलके उदाहरण नाही. या प्रकल्पाचे अपयशही सगळे उघड्यावर झाले.

मोझिलाने आधी मिनिमो नावाचा छोटा ब्राउझर पॉकेट पीसीसारख्या उपकरणांसाठी करून पाहिला आणि सोडून दिला. त्यानंतर फेनेक आला. फेनेक म्हणजे वाळवंटातला मोठ्या कानांचा छोटा कोल्हा. जानेवारी २०१० मध्ये तो नोकियाच्या एन-९०० या फोनवर पहिल्यांदा अधिकृतपणे आला आणि मार्च २०११ मध्ये फायरफॉक्स ४ या नावाने अँड्रॉइडवर.

अडचण पहिल्याच दिवसापासून होती. संगणकावरच्या फायरफॉक्सप्रमाणे यातली बटणे आणि पट्ट्यासुद्धा गेको इंजिनच काढत असे. म्हणजे ॲप उघडल्यावर आधी सगळे इंजिन जागे व्हायचे, मग कुठे पत्त्याची पट्टी दिसायची. तेव्हाच्या फोनांच्या मेमरीत हे परवडणारे नव्हते. २०११ च्या अखेरीस मोझिलाने वरचा सगळा भाग टाकून तो अँड्रॉइडच्या स्वतःच्या साधनांनी नव्याने लिहायचे ठरवले. जून २०१२ मध्ये ही दुसरी आवृत्ती आली आणि फरक हाताला जाणवला. नोव्हेंबर २०१२ मध्ये एआरएमव्ही-६ या जुन्या प्रकारच्या प्रोसेसरवरही फायरफॉक्स चालू लागला. तेव्हाच्या स्वस्त फोनांत हाच प्रोसेसर असे, त्यामुळे भारतासारख्या देशात हे पाऊल महत्त्वाचे होते.

तिसरी पाळी सर्वात वादाची. वरच्या भागातला कोड वर्षानुवर्षे साचत गेला होता. मोझिलाने गेकोला गेकोव्ह्यू नावाच्या सुट्या भागाचे रूप दिले, म्हणजे कोणत्याही अँड्रॉइड ॲपला ते इंजिन बसवता यावे, आणि त्यावर कॉटलिन भाषेत नवा ब्राउझर लिहिला. जून २०१९ मध्ये तो चाचणीसाठी खुला झाला आणि ऑगस्ट २०२० पर्यंत जुन्या फायरफॉक्सच्या जागी अपडेट म्हणून लोकांच्या फोनवर येऊन बसला. वेग वाढला होता, रूप बदलले होते, पण जुन्या आवृत्तीत चालणारी बहुतेक ॲड-ऑन सकाळी उठून पाहावे तर गायब. फक्त निवडक, मोझिलाने तपासलेली मोजकी ॲड-ऑन उरली. क्रोमने अँड्रॉइडवर ॲड-ऑनची सोय दिलेली नसल्याने बरेच जण केवळ तेवढ्यासाठी फायरफॉक्स वापरत होते. प्ले स्टोअरवर एका ताऱ्याच्या परीक्षणांचा पाऊस पडला. त्याच महिन्यात मोझिलाने सुमारे २५० कर्मचारी कमी केले होते, त्यामुळे सुधारणा झटपट होतील अशी आशाही कमीच होती.

सर्व ॲड-ऑनसाठी दार पुन्हा उघडले ते डिसेंबर २०२३ मध्ये. तीन वर्षांहून अधिक काळ लागला. कोड खुला असल्याने काय चालले आहे आणि काय अडले आहे हे सर्वांना दिसत होते. पण दिसणे आणि बदलता येणे यांत अंतर असते. निर्णय शेवटी मोझिलानेच घेतले.

जिओफोनमधला कोल्हा

मोझिलाने मधल्या काळात आणखी एक प्रयोग केला होता. ज्या फोनमध्ये ब्राउझरचे इंजिन हीच ऑपरेटिंग सिस्टीम असेल असा फोन. फायरफॉक्स ओएस हे त्याचे नाव. ऑगस्ट २०१४ मध्ये इंटेक्स कंपनीने भारतात याच प्रणालीवरचा क्लाउड एफएक्स हा स्मार्टफोन १,९९९ रुपयांना आणला. किंमत पाहून लोकांनी डोळे विस्फारले, वापरून पाहून तो ठेवून दिला. प्रकल्पही लवकरच बंद पडला.

पण कोड खुला होता, त्यामुळे तो मेला नाही. तोच घेऊन कायओएस ही साध्या बटणांच्या फोनांसाठीची प्रणाली तयार झाली आणि जुलै २०१७ मध्ये रिलायन्सने १,५०० रुपयांच्या अनामतीवर जाहीर केलेल्या जिओफोनमध्ये ती होती. गावोगावी ज्यांनी आयुष्यात पहिल्यांदा इंटरनेट पाहिले ते जिओफोनच्या इवल्याशा पडद्यावर, त्यांतल्या अनेकांनी फायरफॉक्स हे नावही ऐकलेले नसेल. आणि ते वापरत होते त्याचेच इंजिन.

या गोष्टीची दुसरी बाजू तितकीशी सुखद नाही. कायओएसच्या २.५ आवृत्तीतले गेको हे ४८ क्रमांकाचे, म्हणजे २०१६ सालचे होते. संगणकावरचा फायरफॉक्स दर काही आठवड्यांनी पुढे जात राहिला आणि स्वस्त फोनवाल्यांच्या हाती जुनेच इंजिन राहिले. मार्च २०२० मध्ये कायओएस आणि मोझिला यांनी इंजिन अद्ययावत करण्यासाठी करार केला. नवी आवृत्ती पुढे आलीही, पण ती नव्या फोनांसाठी. विकल्या गेलेल्या फोनातले इंजिन बदलणे फार कमी वेळा घडते.

स्वस्त फोन आणि सुरक्षा यांचे हे नाते क्रोमलाही चुकलेले नाही. एका साइटला दुसरीच्या माहितीपर्यंत पोहोचता येऊ नये म्हणून प्रत्येक साइट वेगळ्या प्रक्रियेत चालवण्याची व्यवस्था क्रोमने अँड्रॉइडवर २०१९ मध्ये, ७७ व्या आवृत्तीत आणली. मात्र पासवर्ड टाकल्या जाणाऱ्या साइटपुरती आणि किमान २ जीबी रॅम असलेल्या फोनांवर. कारण तांत्रिक आणि खरे होते. वेगळ्या प्रक्रियांना मेमरी जास्त लागते. परिणाम मात्र असा की ज्याच्या फोनात मेमरी कमी, त्याच्या वाट्याला कुंपणही कमी.

दऱ्या आणि दर्या

मराठी वाचकांना या सगळ्याशी जोडणारी सर्वात जवळची गोष्ट म्हणजे अक्षरे. दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे फोन आठवून पाहावेत. मराठी बातमी उघडली की एकतर चौकोनांच्या रांगा, नाहीतर सुटलेल्या वेलांट्या आणि मोडलेली जोडाक्षरे. त्यावर तेव्हा एक उपाय फार प्रसिद्ध होता. ऑपेरा मिनीत ऑपेरा-कॉन्फिग नावाचे एक लपलेले पान उघडायचे आणि अवघड लिप्यांसाठी बिटमॅप फॉन्ट वापरण्याचा पर्याय चालू करायचा. मग ऑपेराचा सर्व्हर मराठी मजकुराची चित्रे करून पाठवत असे. वाचता यायचे, पण मजकूर कॉपी करणे शक्य नव्हते आणि सगळे वाचन एका परक्या कंपनीच्या सर्व्हरवरून वळसा घेऊन येत असे.

हा वळसा संपायला हार्फबझ या ओपन सोर्स लायब्ररीचा मोठा हातभार लागला. बेहदाद एस्फहबोद या इराणी वंशाच्या प्रोग्रामरने तिची बांधणी पुढे नेली. नाव फारसीतून आले आहे आणि त्याचा अर्थ ओपनटाइप या फॉन्टच्या प्रकाराचे भाषांतर असा आहे. तिचे काम एकच: अक्षरांच्या ओळीतून योग्य आकार निवडणे. देवनागरीत 'कि' लिहिताना क आधी साठवला जातो, पण पडद्यावर वेलांटी त्याच्या आधी काढावी लागते. 'क्ष'साठी तीन चिन्हांचा एक आकार करावा लागतो. आणि मराठीत तर याहून नाजूक जागा आहेत. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या. 'आचार्यांना' वाढले की 'आचाऱ्यांना', यावर पंगतीतला मान ठरतो. पहिल्यात रफार हवा, दुसऱ्यात अर्धा ऱ्य. हिंदीला हा अर्धा ऱ्य लागत नाही, त्यामुळे केवळ हिंदी तपासून 'देवनागरी चालते' असा शिक्का मारला तर मराठी मोडकीच राहते. मराठी वळणाचे ल आणि श हेही पानाची भाषा मराठी असल्याचे कोडमध्ये सांगितलेले असेल आणि फॉन्टमध्ये तशी सोय असेल, तरच दिसतात.

हार्फबझ आज फायरफॉक्समध्ये आहे, क्रोममध्ये आहे, अँड्रॉइडमध्येही आहे. एका ठिकाणी दुरुस्त झालेला मराठी आकार पुढच्या अपडेटांबरोबर या सगळीकडे पोहोचतो. स्पर्धक कंपन्या एकच लायब्ररी वापरतात आणि तिची दुरुस्ती वाटून घेतात. ओपन सोर्सचे इतके स्वच्छ उदाहरण शोधून सापडणार नाही.

एकट्याने ब्राउझर सांभाळणे

कोड खुला आहे तर प्रत्येकाने आपापला ब्राउझर का करू नये? अनेकांनी केलेही. क्रोमियम घ्यायचा, त्यात जाहिराती अडवायची सोय घालायची, गूगलकडे माहिती पाठवणारे भाग काढायचे आणि लोकांना द्यायचा. याला फोर्क म्हणतात. पहिली आवृत्ती बाहेर काढणे त्या मानाने सोपे. खरा त्रास त्यानंतर सुरू होतो.

क्रोमियमचा कोड उतरवून घेऊन बांधायचा तर किमान १०० जीबी मोकळी जागा लागते, १६ जीबीहून जास्त रॅम असावी असे प्रकल्पाची मार्गदर्शिका सांगते आणि अँड्रॉइडची आवृत्ती बांधायला लिनक्सचा संगणक लागतो. घरच्या साध्या लॅपटॉपचे हे काम नाही. सप्टेंबर २०२१ पासून दर चार आठवड्यांनी क्रोमची नवी मोठी आवृत्ती येते, आणि ऑगस्ट २०२३ पासून सुरक्षेच्या दुरुस्त्या दर आठवड्याला. प्रत्येक वेळी मूळ कोड बदललेला असतो. फोर्कवाल्याला आपले बदल नव्या कोडवर पुन्हा बसवावे लागतात, जिथे बसत नाहीत तिथे पुन्हा लिहावे लागतात, मग बांधायचे, तपासायचे, वाटायचे. नोकरी सांभाळून, रात्री जागून, बहुधा फुकट.

ब्रोमाइट हा अशा फोर्कांपैकी नावाजलेला. जाहिराती आणि मागोवा अडवण्यासाठी जाणकार मंडळी तो सुचवत असत. २०२२ च्या अखेरीस त्याच्या नव्या आवृत्त्या येणे थांबले. फोनवर तो चालत राहिला. पाने उघडत होती, जाहिराती अडत होत्या, बिघडले आहे असे काहीच दिसत नव्हते.

सप्टेंबर २०२३ मध्ये ॲपलचा सुरक्षा विभाग आणि टोरांटो विद्यापीठातील सिटिझन लॅब यांनी एक त्रुटी कळवली. वेबपी प्रकारची चित्रे उलगडणाऱ्या लायब्ररीत ती होती. नीट रचलेले एक चित्र नुसते दिसले तरी हल्लेखोराला आत शिरता येण्याची शक्यता होती, आणि तिचा वापर प्रत्यक्षात सुरू असल्याचे गूगलने सांगितले. ही लायब्ररीही ओपन सोर्स, म्हणून जवळपास सगळ्याच ब्राउझरांत तीच. ११ सप्टेंबरला क्रोमची दुरुस्ती आली, १२ तारखेला फायरफॉक्सची. ज्यांच्या फोनवर ब्रोमाइट होता त्यांच्यापर्यंत काहीच आले नाही. खाजगीपणाची सर्वाधिक काळजी करणारी ही माणसे होती.

ब्रोमाइटचे काम त्याच्याच एका सहयोग्याने क्रोमाइट या नावाने पुढे चालू ठेवले आहे. फायरफॉक्सवर आधारलेल्या मल ब्राउझरचे काम डिसेंबर २०२४ मध्ये थांबले आणि आयर्नफॉक्सने तो वारसा घेतला. अँड्रॉइडवर क्रोमची एक्स्टेन्शन चालवून दाखवणारा किवी ब्राउझर २०१८ मध्ये आला, २०२० मध्ये खुला झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये बंद झाला. तोही मुख्यतः एकाच माणसाच्या खांद्यावर होता. वारस मिळतो हा खुल्या कोडचा गुण. मात्र जुन्या ॲपचा नवा वारस फोनवर आपोआप येत नाही. वापरकर्त्याने बातमी ऐकून स्वतः तो टाकावा लागतो. कमी प्रसिद्ध ब्राउझर वापरणाऱ्याने म्हणूनच वैशिष्ट्यांच्या यादीआधी एक गोष्ट पाहावी: शेवटचे अपडेट कधी आले. दोन महिने होऊन गेले असतील, तर तो ब्राउझर कितीही खुला असो, बँकेच्या व्यवहाराला वापरू नये.

आयफोनवर वेगळेच

आयफोनवर हा सगळा खेळ एका नियमाने बदलतो. ॲप स्टोअरवर येणाऱ्या ब्राउझरने ॲपलचेच वेबकिट वापरले पाहिजे, अशी ॲपलची अट आहे. २०१२ मध्ये आलेला आयफोनवरचा क्रोम आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये आलेला फायरफॉक्स हे दोन्ही आतून वेबकिटच आहेत. दोघांचाही कोड पाहायला मिळतो, पण ज्या इंजिनामुळे फायरफॉक्स हा फायरफॉक्स आहे, ते गेको तिथे नाही. सुरक्षेसाठी हे आवश्यक असल्याचे ॲपल सांगते. टीकाकारांच्या मते त्यामुळे वेबला काय जमेल आणि काय नाही, हे एकच कंपनी ठरवते.

युरोपीय संघाच्या डिजिटल मार्केट्स ॲक्टमुळे मार्च २०२४ मध्ये, आयओएस १७.४ पासून, ॲपलला युरोपात इतर इंजिनांना वाट द्यावी लागली. मोझिलाची त्यावरची तक्रार अशी, की सवलत एकाच प्रदेशापुरती असल्याने आयफोनसाठी दोन वेगळे ब्राउझर बांधायचे आणि सांभाळायचे. जपानमध्येही अशाच आशयाचा कायदा डिसेंबर २०२५ पासून पूर्णपणे लागू झाला. भारतातल्या आयफोनधारकांना यातले काही लागू नाही.

पैसे कुठून येतात, आणि भारतीय ब्राउझरचे काय?

फुकट मिळणाऱ्या ब्राउझरामागे पैसा असतोच. मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा भाग फायरफॉक्समध्ये गूगल हे आधीपासून ठरलेले शोध-इंजिन ठेवण्याबद्दल गूगलकडूनच येतो. क्रोमचा प्रतिस्पर्धी क्रोमच्या मालकाच्या पैशावर उभा, असा हा विचित्र संसार. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतील न्यायाधीश अमित मेहता यांनी शोधसेवेत गूगलने बेकायदा मक्तेदारी राखल्याचा निकाल दिला, तेव्हा सर्वात जास्त धास्ती मोझिलानेच घेतली. असे करार बंद झाले तर फायरफॉक्सचे अस्तित्वच धोक्यात येईल, असे तिच्या वित्तप्रमुखांनी मे २०२५ मध्ये न्यायालयात सांगितले. सप्टेंबर २०२५ च्या आदेशात एकाधिकाराचे करार नाकारले गेले, पण पैसे देण्यावर सरसकट बंदी आली नाही आणि गूगलला क्रोम विकावाही लागला नाही.

भारतात हा विषय वेगळ्या वाटेने पुढे आला. एके काळी इथे फार लोकप्रिय असलेल्या यूसी ब्राउझरमधून वापरकर्त्यांची माहिती नीट न झाकता बाहेर जात असल्याचे सिटिझन लॅबने २०१५ मध्ये दाखवले होते. तो ब्राउझर ओपन सोर्स नव्हता. संशोधकांना ॲप उलगडून आणि त्याची रहदारी तपासून हे शोधावे लागले. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने बंदी घातलेल्या ५९ चिनी ॲपमध्ये तोही होता.

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने देशी ब्राउझरसाठी स्पर्धा जाहीर केली, एकूण बक्षिसे ३ कोटी ४१ लाख रुपयांची. मार्च २०२५ मध्ये झोहोच्या चमूला १ कोटी रुपयांचे पहिले बक्षीस मिळाले. झोहोचा उला हा ब्राउझर क्रोमियमवर आधारलेला आहे. यावरून समाजमाध्यमांवर 'मग देशी कसला?' अशी थट्टा होते, ती फारशी न्याय्य नाही. मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीनेही स्वतःचे इंजिन सोडून क्रोमियम घेतला.

स्पर्धेतली एक अट मात्र अधिक बारकाईने पाहण्यासारखी होती. ब्राउझरने भारताच्या प्रमाणन नियंत्रकाच्या मूळ प्रमाणपत्रावर विश्वास ठेवला पाहिजे. साइट खरी की तोतया, हे ब्राउझर अशा मूळ प्रमाणपत्रांच्या यादीवरून ठरवतो. सरकारी सेवांसाठी परदेशी प्रमाणपत्र कंपन्यांवर अवलंबून राहू नये, ही भूमिका समजण्यासारखी आहे. पण जुलै २०१४ मध्ये याच साखळीतील एनआयसीकडून गूगलच्या पत्त्यांसाठी चुकीची प्रमाणपत्रे दिली गेली होती आणि विंडोजवरच्या क्रोमला तातडीने बंदोबस्त करावा लागला होता. फायरफॉक्सला त्याची झळ बसली नाही, कारण मोझिला स्वतःची यादी ठेवते आणि त्यात हे मूळ प्रमाणपत्र नव्हते. मोझिलाच्या यादीत कुणाला घ्यायचे, यावरची चर्चा उघडपणे होते. बंद ब्राउझरात ही यादी कशी ठरते, हे बाहेरच्याला कळेलच असे नसते.

आत शिरायचे दार

अशा प्रकल्पांत हात घालायला सी++ यावेच असे नाही. फायरफॉक्सचे मराठी भाषांतर पोंटून या मोझिलाच्या संकेतस्थळावर स्वयंसेवक करतात. 'बुकमार्क'ला वाचनखूण म्हणायचे की बुकमार्कच ठेवायचे, असले वाद तिथे खरोखर उद्भवतात. प्रत्येक आवृत्तीबरोबर नवी वाक्ये येतात; कुणी ती मराठीत आणली नाहीत तर फोनवर त्या जागी इंग्रजी दिसते. ज्याला फोनवर मोडका ऱ्य किंवा चुकीच्या जागी बसलेली वेलांटी दिसते, तो फोनचे मॉडेल, ब्राउझरची आवृत्ती आणि पडद्याचे चित्र जोडून तक्रार नोंदवू शकतो. क्रोमियम, गेको आणि हार्फबझ या तिघांच्याही तक्रारवह्या जगाला खुल्या आहेत, आणि आपल्या तक्रारीचे पुढे काय झाले हे नोंदवणाऱ्याला तिथेच वाचता येते.